नजरेच्या कडेला

राणी बोर्डाच्या मधोमध होती. मी स्ट्रायकर लावला, नेम धरायला सवयीनं डावा डोळा मिटला, आणि राणी गेली.

कुणी उचलली नव्हती, की ती हललीही नव्हती. ती होती तिथं एक भुरकट डाग होता आणि त्यात ती बुडाली होती. डावा डोळा उघडला की राणी जागेवर. मिटला की नाही. समोर बसलेला शशी हलकर्णी म्हणाला, "मार की लेका, पाया पडायलायस काय तिच्या?" मागं उभी असलेली पोरं हसली. मी अंदाजानं मारलं. राणीला वाराही लागला नाही. स्ट्रायकर तेवढा सरळ पॉकेटमध्ये जाऊन पडला.

ही गोष्ट वीसएक वर्षांपूर्वीची. गडहिंग्लजच्या आमच्या तरुण मंडळाच्या कॅरम स्पर्धेची ती अंतिम फेरी होती. मी बावीस वर्षांचा होतो आणि त्या बोर्डावर मला हरवणारं कुणी आमच्या पेठेत नव्हतं. पण हरल्याचं वाईट वाटून घ्यायचंही सुचलं नाही. घरी जाताना दुकानांच्या पाट्या एकेक डोळा झाकून वाचत गेलो. डाव्यानं सगळं वाचता यायचं. उजव्यानं पाटीची दोन टोकं दिसायची, मधली अक्षरं कुणीतरी बोळ्यानं पुसल्यासारखी.

आमची मिरची कांडपाची गिरण होती. वडिलांच्या हाताखाली मी तिथंच असायचो, त्यामुळं सगळ्यांना वाटलं की तिखट उडालं असेल. आईनं गुलाबपाणी घातलं. गावातल्या डॉक्टरनं थेंब दिले. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, चिकटत नव्हता. आरशात बघणाऱ्याला त्यात काही खोट दिसली नसती. मीही म्हणालो, जाईल आपोआप.

महिना-दीड महिन्यानं दुपारी जेवायला बसलो होतो. आई भाकरी वाढायला वाकली. मला तिचा अंबाडा दिसला, कानातल्या कुड्या दिसल्या, पदर दिसला. चेहरा दिसला नाही. डावा डोळाही त्याच वाटेनं निघाला होता.

मग कोल्हापूर झालं. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं आणि वडिलांच्या समोरच विचारलं, "दारू पितोस का? हातभट्टीची कधी घेतलीस का? खरं सांग." मी नाही म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "बघ, आठवून सांग, या वयात डोळ्यांच्या दोन्ही नसा अशा उगाच जात नाहीत." येताना वडील एसटीच्या खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर चपला काढता काढता, माझ्याकडं पाठ करून, आईला म्हणाले, "तुझ्या भावावर गेला हा."

आईचा भाऊ म्हणजे मष्णूमामा. आजऱ्याच्या पलीकडं, आंबोलीच्या बाजूला देऊळवाडी नावाचं लहानसं गाव आहे, तिथं तो एकटा राहायचा. घायपाताचे दोर वळायचा, एक म्हैस सांभाळायचा. तरुणपणी त्याचे डोळे गेले होते. ते कशानं गेले, हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पण मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. ज्या वर्षी गावच्या जत्रेत हातभट्टीची पिऊन दोन माणसं मेली आणि एकाचे डोळे गेले, त्याच वर्षी दिवाळीच्या आत मामालाही दिसेनासं झालं. मेलेल्यांपैकी एक त्याचा जिवलग मित्र होता. दोघं जत्रेला जोडीनं गेले होते. मग लोकांना आणखी काय पाहिजे होतं? आज्जा, म्हणजे मामाचे अण्णा, माळकरी होता. त्यानं पोराशी बोलणं सोडलं, ते मरेपर्यंत. मामाच्या लग्नाची सुपारी फुटली होती, ती मंडळी परत फिरली. आई तेव्हा सोळा वर्षांची होती. तिनं त्याला कधी टाकलं नाही, भाऊबीजेला न चुकता जायची. पण ओवाळून आली की दोन दिवस गप्प असायची.

आणि मामाही मनात खोट असल्यासारखाच वागायचा, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. तो कधी कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. बोलताना मान वाकडी करून तुमच्या कानाच्या पलीकडं कुठंतरी बघायचा. गावातली पोरं त्याला कावळा म्हणायची. मोठी माणसं म्हणायची, ज्याच्या मनाला खातंय तो नजर देत नाही. देऊळवाडीच्या शाळेत तर पोरांना दारू पिऊ नका म्हणून सांगताना मास्तर खिडकीतून बोट करायचे. बाहेर पारावर मामा दोर वळत बसलेला असायचा.

तर तो मामा एक दिवस दुपारच्या गाडीनं आमच्या दारात उतरला. कुणी बोलावलं नव्हतं. आईनं देऊळवाडीच्या एसटीडी फोनवर निरोप ठेवला असेल तर ते तिनं कधी सांगितलं नाही. वडिलांनी गिरणीतून त्याला पाहिलं आणि पट्टा चढवून गिरण सुरू केली, म्हणजे बोलायचा प्रश्नच नको.

मी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. मामा चाचपडत आला नाही, दारात क्षणभर थांबून सरळ माझ्या खाटेवर येऊन बसला.

"कुठला आधी गेला?" त्यानं विचारलं.

"उजवा."

"माझा डावा. दुसरा लगेच न्हाई ना गेला?"

"नाही. दीड महिन्यानं."

"दुखलं?"

"नाही."

"मधलं जातंय आणि कडंचं ऱ्हातंय. व्हय?"

मी उठून बसलो. दोन डॉक्टरांनी माझे डोळे तपासले होते, पण मला काय दिसतं हे इतकं नेमकं कुणीच बोललं नव्हतं. मी स्वतःही बोललो नव्हतो, कारण सांगायला शब्दच नव्हते. मला जे विचारायचं होतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"मामा, तू त्या जत्रेत खरंच प्यायला होतास?"

"न्हाई."

त्यानं शपथ घेतली नाही, गळ्याला हात लावला नाही. कुणी म्हैस पाजली का विचारावं आणि उत्तर द्यावं, तसं म्हणाला.

"मीपण नाही," मी म्हणालो.

"ठावं हाय मला."

बाहेर गिरण धडधडत होती. घरात कितीतरी दिवसांनी माझ्या बोलण्यावर कुणीतरी विश्वास ठेवला होता, आणि मला वाटतं, त्याच्याही बोलण्यावर. मग तो म्हणाला, चल, ऊठ, असं पडून राहिलास तर पाय पण जातील.

अंगणात नेऊन त्यानं मला समोरची चिंच बघायला सांगितली. मी बघितली. भुरकट डाग.

"सरळ बघू नगो. तिथं आता काय न्हाई. तिच्या डाव्या अंगाला, कुंपणाकडं बघ. नजर तिथंच ठेव. आता चिंच आली का?"

आली. खोडावरच्या गाठी नाही दिसल्या, पण झाड होतं, त्याला फांद्या होत्या आणि खाली आमची शेळी बांधलेली होती. मी त्याच्याकडं वळलो आणि त्याच्या कानाच्या पलीकडं बघितलं. तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला. वाकडी मान, कुठंतरी लांब लागलेली नजर. तोही माझ्याकडं तसाच बघत होता. तीस वर्षं हा माणूस कुणापासून नजर चोरत नव्हता. तो समोरच्याला बघायची धडपड करत होता, आणि ज्याला ज्याला त्यानं बघितलं त्यानं त्याला गुन्हेगार ठरवलं होतं.

मामा आमच्याकडं राहिला. वडील त्याच्या आधी जेवून घ्यायचे. तो दारात दिसला की मागच्या दारानं गिरणीत जायचे. मामाला याचं काही वाटत असेल तरी त्यानं दाखवलं नाही. चहा कपात किती ओतलाय ते बोटानं न बघता आवाजावरून कसं ओळखायचं, रस्ता ओलांडताना मान कशी फिरवायची, पायरी कशी हेरायची, हे तो मला शिकवत होता. आणि एके संध्याकाळी त्यानं आईला सांगितलं, ह्याला मिरजेला ने. मलापण ने. डॉक्टरला दोघांस्नी एका जागी बघू दे.

वडील दारातच होते. "तो कशाला? तिथं जाऊन काय सांगणार, दारूनं गेले म्हणून?"

आई वडिलांसमोर शब्दाला शब्द कधी लावायची नाही. त्या दिवशी ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "दादा येणार."

मिरजेच्या एका मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर मुजावर म्हणून बाई होत्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी आधी मला तपासलं, मग काही न विचारता मामाला त्या खुर्चीत बसवून त्याच्या डोळ्यांत तितकाच वेळ पाहिलं. मग आईला विचारलं, माहेरी आणखी कुणाचे डोळे असे गेलेत का. आईनं खाली बघत सांगितलं की तिच्या आईचा एक भाऊ तरुणपणी आंधळा झाला होता, नाग मारला म्हणून शाप लागला असं म्हणायचे. आणि मग अडखळली. "आणि दादाचे. पण ते..."

"दारूनं गेले म्हणत्यात," मामानंच वाक्य पुरं केलं.

"लोक म्हणतात ते राहू दे," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही मला सांगा. दोन्ही डोळे एकदम गेले का?"

मामा खुर्चीत पुढं सरकून बसला.

"एकदम न्हाई," तो म्हणाला. "आधी डावा. जत्रा होऊन दोन-तीन म्हैने झाल्यावर. मग पुढं दोन म्हैन्यांनी उजवा."

त्या विचारत गेल्या, तो सांगत गेला. ओकाऱ्या झाल्या नव्हत्या. पोटात दुखलं नव्हतं. शुद्ध हरपली नव्हती. जत्रेनंतर तो आठवडाभर भात मळत होता, खळ्यावर सगळ्यांच्या देखत. डॉक्टर म्हणाल्या, "विषारी दारू अशी थांबून थांबून येत नाही. ती एक-दोन दिवसांत दोन्ही डोळे घेऊन जाते, आणि त्याआधी माणसाला अंथरुणाला खिळवते. हे तुम्ही तेव्हा कुणाला सांगितलं नाही?"

"इच्यारलं न्हाई कुणी," मामा म्हणाला.

आईनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरबाईंनी तिच्याकडं बघितलं नाही, हे बरं केलं. त्या मला समजावायला लागल्या. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर चेतापेशींचा एक पातळ थर असतो, त्या पेशींचेच बारीक बारीक धागे एकत्र होऊन मेंदूकडं जाणारी नस तयार होते. मामानं विचारलं, सुंभासारखी? त्या म्हणाल्या, हो, अगदी सुंभासारखी. प्रत्येक पेशीत तिची ताकद तयार करणाऱ्या इवल्या इवल्या चुली असतात, आणि त्या चुली मुलाला फक्त आईकडून मिळतात. काही घराण्यांत त्या चुलींत जन्मापासूनच एक उणेपणा असतो. कित्येकांचं त्यावाचून काही अडत नाही. बायका बहुतेक सुटतात. पण एखाद्या तरुण पोराच्या बाबतीत चुली कमी पडतात, आणि बारीक नजरेचे धागे सगळ्यात आधी उपाशी राहतात. म्हणून मधलं दिसणं जातं. रक्त तपासायला दूर पाठवायला लागेल, पण मला वाटतं हे तेच आहे, असं त्या म्हणाल्या.

"पेशी मेल्या का?" मी विचारलं. हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता.

"काही मेल्या असतील," त्या म्हणाल्या. "काही उपाशीपोटी गप्प बसल्या असतील. मेलेली परत येत नाही. गप्प बसलेली येऊ शकते. कुठल्या किती, हे आज मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. औषध नाही. दारू नको, तंबाखू नको, धूर नको, आणि धीर सोडायचा नाही."

आमच्या दोघांचं रक्त घेतलं. निकाल यायला महिन्याच्या वर वेळ गेला. त्या दिवसांत वडील मामाच्या वाटेतून बाजूला होत राहिले, आई मामासमोर येऊन काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि भाजी कशी झाली एवढंच विचारून जायची. मग आम्ही तिघं पुन्हा मिरजेला गेलो.

डॉक्टरबाईंनी आम्हाला बसायला सांगितलं. दोघांच्या रक्तात एकच गोष्ट सापडली होती. तीच जी त्यांना वाटली होती. आणि या उणेपणाच्या ज्या काही तऱ्हा माहीत आहेत त्यातली ही अशी की जिच्यात बऱ्याच जणांची नजर थोडीफार माघारी येते, तरुण असेल तर जास्त. "मी वचन देत नाही," त्या म्हणाल्या, "पण वाट बघण्यासारखं आहे."

मग त्या मामाकडं वळल्या. "तुमच्या नसा आता फिक्या पडल्यात, मष्णूराव. तुमची नजर येणार नाही, हे मी लपवत नाही. पण तुमचे डोळे दारूनं गेलेले नाहीत. पाहिजे तर लिहून देते."

"लिहून नगो," मामा म्हणाला. "यकदा परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मामानं मान हलवली, खिशातून रुमाल काढला, चेहरा नाही तर दोन्ही हात पुसले आणि उठून नमस्कार केला.

बाहेर आवारात एक बाकडं होतं. आई त्यावर मामाच्या शेजारी बसली. मी पलीकडच्या टोकाला. बराच वेळ ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मला ते कडेनं दिसत होतं.

"दादा," ती म्हणाली, "तेव्हा का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. प्यालो न्हाई, एवढंच दिवाळी होईस्तोवर सांगत होतो. अण्णांस्नी सांगितलं, तुला सांगितलं, पारावर सांगितलं. मग दमलो."

"मी नाही ऐकलं."

"तू लहान होतीस, शेवंता."

"सोळा वर्षांची होते. एवढी काय लहान नव्हते." तिचा आवाज फुटला. "आणि आता हे माझ्याकडूनच माझ्या पोराला गेलं. तुला बोल लावत बसले आणि ते माझ्याच रक्तात होतं."

मामानं मान फिरवून तिच्याकडं बघितलं, म्हणजे तिच्या खांद्यापलीकडच्या गुलमोहराकडं. "मग आईला पण बोल लावायचा का? तिच्याकडनं तुला आलं, मला आलं. तिला तिच्या आईकडनं. आईनं काय जाणून इख घातलं आपल्याला? जे तिच्यापाशी होतं ते दिलं. त्यातच ही उणीव आली आसंल. नगो रडू."

ती रडलीच, पण ते निराळं रडणं होतं. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, त्याला म्हणाली, भूक लागली असेल. दवाखान्याबाहेरच्या गाड्यावर मामानं दोन प्लेटी भजी खाल्ली आणि परतीच्या गाडीत तो जो झोपला तो गडहिंग्लज येईपर्यंत उठला नाही. डोकं आईच्या खांद्यावर पडलं होतं. तिनं वाटेत एकदाही खांदा हलवला नाही.

घरी आईनं वडिलांना सगळं सांगितलं. मी पलीकडच्या खोलीत होतो. वडिलांनी मधे एकदा विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, नक्की. मग नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

गिरणीचा धुरळा आणि पेठेतला धूर नको म्हणून मी देऊळवाडीला मामाकडं राहायला गेलो. निघताना वडिलांनी गाडीत दोन नवी घोंगडी ठेवली. एक माझ्यासाठी. दुसरं कुणासाठी ते बोलले नाहीत.

त्या गावात मी जवळजवळ पाऊण वर्ष होतो. मामानं मला घायपाताचा वाख, म्हणजे पानांतले तंतू, वळायला शिकवलं. हात बघतो, डोळ्याला काम नाही, असं म्हणायचा. पहाटे म्हैस घेऊन ओढ्याला जायचो. आधी आधी रोज सकाळी उठल्या उठल्या मी आढ्याकडं बघायचो, डाग तसाच असायचा. पुढं पुढं विसरायला लागलो. माणूस कशालाही सरावतो. मी भात शिजवायला शिकलो, पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखायला शिकलो, मामाच्या जोडीनं पारावर बसायला लागलो. दोघांच्याही माना वाकड्या. पोरं आता एकाच्या जागी दोन कावळे म्हणायची.

मग एका सकाळी मामा माझ्यासमोर बसून दोराला पीळ देत होता. मी त्याच्याकडं बघत होतो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. डाग होता, पण त्याला बारीक भोकं पडली होती, चाळणीला असतात तशी. एका भोकातून मला मामाची भुवई दिसली. मान जराशी हलवली, दुसऱ्या भोकातून डोळा दिसला. घारा होता. आईचा आहे तसाच, तपकिरीत मधाचा रंग मिसळलेला. लहानपणापासून मी या माणसाला ओळखत होतो, पण त्याचे डोळे कोणत्या रंगाचे ते मला माहीत नव्हतं, कारण ते नेहमी दुसरीकडं वळलेले असायचे.

मी काही बोललो नाही. त्याला कसं सांगणार? त्याचे येणार नव्हते. दोन दिवस मी तसाच वागत राहिलो. मुद्दाम चाचपडलो, मुद्दाम मान वाकडी धरली. भोकं मोठी होत होती. चुलीतल्या निखाऱ्याची कड दिसत होती, तांदळातला खडा दिसत होता, आणि माझ्या छातीत आनंद मावत नव्हता, आणि तो मी गिळत होतो.

तिसऱ्या दिवशी दोर वळता वळता मामा थांबला.

"जयवंता, तू सरळ बघायलायस."

मी मान पुन्हा वाकडी केली.

"तू बोलतोस ते गेले दोन दिस माझ्या तोंडावर येऊन लागतंय. आधी कानाकडनं जायचं. किती आलंय?"

"थोडं," मी म्हणालो. "मामा, मी तुला सांगणार होतो..."

"किती, ते सांग."

"तुझ्या हनुवटीवर एक व्रण आहे. आडवा."

त्यानं हनुवटीला हात लावला. "म्हशीनं मारलंय. लहानपणी." मग त्यानं दोर टाकला, दोन्ही हातांनी माझं डोकं धरून आपल्या कपाळाला लावलं आणि म्हणाला, "येड्या, मला वाईट वाटंल म्हणून दडवलास व्हय? माझं जाऊन तीस वर्षं झाली. मला दुसरं काय बघायचं होतं?"

एवढं बोलून तो उठला, काठी घेतली आणि बाहेर पडला. मला वाटलं एकटं बसायला गेला असेल. पण एसटीडीवाल्याकडं जाऊन त्यानं आधी गडहिंग्लजला फोन लावला, मग दुकानातून गूळ-खोबरं घेतलं आणि देऊळवाडीतल्या प्रत्येक घरात गेला. ज्या घरांचा उंबरा त्यानं कित्येक वर्षं ओलांडला नव्हता त्या घरांतही. भाच्याची नजर आली म्हणून खोबरं द्यायचं, आणि कुणी विचारो न विचारो, ती गेली कशी होती आणि आपली गेली कशी होती, ते सगळं पहिल्यापासून सांगायचं. डावा आधी, मग उजवा. यावेळी लोक ऐकून घेत होते. पुरावा माझ्या रूपानं पारावर बसला होता.

दुसऱ्या दिवशी आई-वडील आले. आईनं मला दारातच धरलं आणि तिनं कुठलं लुगडं नेसलंय, कपाळावर काय आहे, विचारत राहिली. लुगड्याचा रंग मी चुकलो, कुंकू बरोबर सांगितलं. वडील मागं उभे होते. पुढं आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, माझ्याशी न बोलता, ओसरीवरच्या मामाकडं गेले.

"मष्णूराव," ते म्हणाले. त्यांनी मामाला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. पुढं त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांना जमेना. शेवटी म्हणाले, "जेवायला बसूया."

"बसूया की दाजी," मामा म्हणाला. दोघं एका ओळीत बसले. वडिलांनी आपल्या ताटातली पुरणपोळी मोडून मामाच्या ताटात ठेवली, आणि मामानं ती खाल्ली. त्यापलीकडं दोघांत त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही.

माझी नजर सगळी आली नाही, हेही सांगायला हवं. उजव्यात अजून एक पुसट ठिपका आहे. बारीक अक्षर वाचायला भिंग लागतं. पण गिरण मी चालवतो, माणसं ओळखतो, आणि माझ्या दोन्ही मुलींचे चेहरे मला पहिल्या दिवसापासून पुरते दिसले. हे बापाकडून मुलांना जात नाही, असं डॉक्टरबाईंनी माझ्या लग्नाआधी सांगितलं होतं, तेव्हा आईनं दवाखान्यातच हात जोडले होते.

आई-वडील देऊळवाडीला आले त्या दिवशी, जेवणं आटोपत आली होती तेव्हा, शाळेचे निवृत्त मास्तर ओसरीवर आले. तेच खिडकीतून बोट करणारे. वय झालं होतं, काठी टेकत आले होते. खोबरं पोचलं म्हणाले. मग थोडा वेळ टोपी हातात फिरवत बसले, आणि संकोचून म्हणाले, "मष्णू, माझी पंचाईत केलीस. एवढी वर्षं पोरांना दारूचं तुझं उदाहरण देत होतो. आता कुणाचं द्यायचं?"

मामा भाताचा घास तोंडाशी नेत होता. तो तसाच धरून म्हणाला, "तुमचंच द्या की गुरुजी. गावाला काय ठावं न्हाई व्हय?"

मग मास्तरांनाच हसू फुटलं, वडील हसले, मी हसलो, आणि मामा तर असा हसला की घास ताटात पडला. मोठं, मोकळं, छातीतून येणारं हसू. थांबेचना. त्याला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आत चुलीपाशी आई पोळी लाटत होती. ती पिठाचे हात घेऊन तशीच दारात आली आणि मला विचारलं, "कोण रे हसतंय?"

"मामा," मी म्हणालो.